डोंगराची उंची कुठून मोजायची?

या वेळच्या सदरासाठी डोंगर-पर्वतांवरचे प्रश्न निवडले आहेत. बहुतेक पत्रं उंचीभोवतीच फिरतात: हा उंच की तो, पाटीवरचा आकडा खरा की मोबाइलवरचा. उंचीचा कुठलाही आकडा समोर आला की आधी विचारावं, ही कुठून मोजली आणि कशाने मोजली? निम्मे वाद तिथेच मिटतात.

प्रश्न : मुलीच्या प्रश्नमंजूषेत जगातलं सर्वांत उंच शिखर म्हणून ‘चिंबोराझो’ हे उत्तर बरोबर धरलं. मग एव्हरेस्टचं काय? (एक पालक, ठाणे)

प्रश्न जसा तुम्ही लिहिला आहे तसाच विचारला असेल, तर उत्तर एव्हरेस्ट. त्याची उंची ८८४८.८६ मीटर. नेपाळ आणि चीनने ८ डिसेंबर २०२० रोजी मिळून जाहीर केलेला हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे. या मापाने इक्वेडोरमधला चिंबोराझो ६२६३ मीटर भरतो. अँडीज पर्वतरांगेतसुद्धा तो पहिला नाही. तो मान अर्जेंटिनातल्या अकोन्काग्वाचा, ६९६१ मीटर.

पण ‘पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूरचं शिखर कोणतं?’ असं विचारलं असेल, तर चिंबोराझो हेच बरोबर. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आणि विषुववृत्तावर फुगीर आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी ६३५७. नुसत्या या फुगवट्याचाच फरक २१ किलोमीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीच्या दुपटीहून जास्त. चिंबोराझो विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम दीड अंशावर आहे, एव्हरेस्ट उत्तरेला २८ अंशांवर. त्यामुळे केंद्रापासून चिंबोराझोचा माथा सुमारे ६३८४.४ किलोमीटरवर, तर एव्हरेस्टचा ६३८२.३ किलोमीटरवर. चिंबोराझो दोन किलोमीटरने पुढे. गंमत म्हणजे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०२ साली त्याच्यावर चढू लागला, तेव्हा समुद्रसपाटीपासूनही हाच डोंगर जगात सर्वांत उंच समजला जात होता. हुम्बोल्टला माथा गाठता आला नाही. तो १८८० मध्ये एडवर्ड व्हिम्परने गाठला.

तिसरं माप पायथ्यापासूनचं. हवाई बेटावरचा मौना केआ समुद्रावर ४२०७ मीटर दिसतो, पण त्याचा पायथा महासागराच्या तळावर आहे. तिथून मोजला तर तो दहा हजार मीटरच्या वर जातो.

डोळ्यांना दिसणारा उठाव हे आणखी वेगळं माप, आणि डोंगर पाहणाऱ्या माणसाला तेच खरं भिडतं. तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टचा तळ मुळातच ५२०० मीटरवर आहे, म्हणजे समोर उभा राहतो तो सुमारे ३६०० मीटरचा डोंगर. अलास्कातला डेनाली ६१९० मीटरचाच, पण आसपासची जमीन इतकी सखल की त्याचा उठाव सुमारे ५५०० मीटर भरतो. आणि नंगा पर्वत? सिंधू नदीच्या पात्रापासून साधारण २५ किलोमीटरच्या आडव्या अंतरात तो जवळजवळ ७००० मीटर उंच जातो. उठावाचा विचार केला तर आम्ही नंगा पर्वताच्या बाजूने आहोत.

प्रश्न : कळसूबाईच्या माथ्यावर मोबाइलमध्ये १५८० मीटर आले, मित्राच्या घड्याळात १६१०. पुस्तकात १६४६ लिहिलंय. तिन्हींतलं खरं कोणतं? (ट्रेकर, कल्याण)

१६४६ बरोबर. तुमची दोन्ही यंत्रंही बिघडलेली नाहीत. ती वेगळं काही मोजत होती.

मोबाइलचं आधी पाहू. उपग्रहांवरून जीपीएस उंची काढतं ती समुद्रापासूनची नसते, पृथ्वीच्या आकाराचा जो गुळगुळीत गणिती अंडगोल मानला आहे त्याच्यापासूनची असते. खरी समुद्रसपाटी मात्र गुरुत्वाकर्षणाप्रमाणे कुठे या अंडगोलाच्या वर, कुठे खाली असते. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती तब्बल १०६ मीटर खाली आहे. हा जगातला सर्वांत मोठा खळगा, आणि त्याचा उतार आपल्यापर्यंत पोहोचतो. सह्याद्रीच्या परिसरात हा फरक साठ-सत्तर मीटरचा पडतो. म्हणून दुरुस्ती न करणारं अ‍ॅप महाराष्ट्रात साठ-सत्तर मीटर कमीच दाखवणार. १६४६ चे १५८० झाले ते असे. आयफोन ही दुरुस्ती आपोआप करतो. अँड्रॉइडवरची बरीच अ‍ॅप्स करत नाहीत किंवा सेटिंगमध्ये पर्याय देतात. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘जिऑइड’ किंवा ‘समुद्रसपाटी’ असा पर्याय शोधा आणि चालू करा. त्यानंतरही दहा-पंधरा मीटरची चूक राहतेच, कारण उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. त्यामुळे आडव्या जागेपेक्षा उभी उंची नेहमी ढोबळ येते. मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मिनिटं थांबून आकडा स्थिरावू द्या.

घड्याळाचं तंत्र वेगळं. ते हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंची ठरवतं. यात दोन अडचणी. पहिली, दाब दिवसभर हलतो. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला तो जास्त असतो, दुपारी चारच्या सुमाराला कमी. फरक साधारण ३ मिलिबार. कळसूबाईच्या उंचीवर १ मिलिबार म्हणजे सुमारे १० मीटर, म्हणून एकाच जागी बसून राहिलात तरी दहा ते चारच्या दरम्यान घड्याळ तुम्हाला तीसेक मीटर ‘चढवतं’. दुसरी अडचण तापमानाची. घड्याळातलं गणित थंड प्रदेशाच्या सरासरी हवेवर बेतलेलं असतं. त्याच्या हिशेबात हजार मीटरवर साडेआठ अंश असतात, आपल्याकडे सहज २३-२४. गरम हवा विरळ असते, त्यामुळे तेवढाच दाब घटायला जास्त चढावं लागतं. पंधरा अंशांच्या या फरकाने चढाईचा आकडा पाच टक्क्यांनी कमी येतो. ९०० मीटर चढल्यावर ४५ मीटर तर इथेच गळतात.

उपाय सोपा आहे. निघताना माहीत असलेल्या उंचीवर घड्याळ जुळवून घ्या. कसारा किंवा इगतपुरीला उतरत असाल तर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. बारी गावात पुन्हा एकदा नकाशावरून जुळवा. मुक्कामाला असाल तर झोपताना दिसलेला आकडा लिहून ठेवा आणि सकाळी तोच पुन्हा लावा. रात्रीत आकडा नेहमीपेक्षा बराच ‘वाढलेला’ दिसला तर दाब पडला आहे असं समजा. पावसाची शक्यता धरून चाला.

आता ‘समुद्रसपाटी’ म्हणजे तरी कुठली? भारताची जुनी शून्य पातळी १९०९ साली ठरली, ती कराचीपासून विशाखापट्टणमपलीकडच्या फॉल्स पॉइंटपर्यंत नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून. त्यातलं एक आपलं मुंबईचं अपोलो बंदर.

प्रश्न : एव्हरेस्टवर कुणी चढण्याआधी शंभर वर्षं त्याची उंची कशी काय कळली? (शिक्षिका, सोलापूर)

कोन मोजून. १८४९-५० मध्ये सर्वेक्षण खात्याच्या लोकांनी बिहारकडच्या सपाट प्रदेशातल्या सहा ठिकाणांहून ‘१५ क्रमांकाच्या शिखरा’चे कोन घेतले, कारण नेपाळात त्यांना प्रवेश नव्हता. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. १८५२ मध्ये खात्यातले गणितज्ञ राधानाथ सिकदार यांनी केलेल्या गणितातून हे शिखर सर्वांत उंच असल्याचं स्पष्ट झालं आणि १८५६ मध्ये २९,००२ फूट हा आकडा जाहीर झाला. मीटरमध्ये तो सुमारे ८८४० होतो. आजच्या आकड्यापेक्षा फक्त नऊ मीटर कमी!

या नऊ मीटरांचं मोल कळण्यासाठी अडचण समजून घ्या. १७० किलोमीटर अंतरावर पृथ्वीची गोलाई डोंगराचा खालचा जवळजवळ २२७० मीटर भाग झाकून टाकते. तो हिशेबात मिळवावा लागतो. उलट हवेतून येताना प्रकाश वाकतो आणि शिखर खरं असतं त्यापेक्षा वर दिसतं. एवढ्या अंतरावर हा भास सुमारे ३०० मीटरचा, आणि तो सकाळ-दुपारच्या तापमानाप्रमाणे बदलत राहतो. सिकदारांचं खरं कसब या दुरुस्तीत आहे. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात जॉर्ज एव्हरेस्टच्या शेजारी यायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

वर्गातल्या मुलांकडून हाच प्रयोग गावाजवळच्या टेकडीवर करून घ्या. कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधा, दोऱ्याला एक नट लटकवा. कोनमापकाची सरळ कड वर धरून तिच्यावरून माथ्यावर नेम धरा. दोरा ९० अंशांपासून जितका सरकेल तो चढाचा कोन. समजा पहिल्या जागी २० अंश आले. मग टेकडीच्या दिशेने, सपाट जमिनीवरून, सरळ रेषेत बरोबर ५०० मीटर पुढे जा. तिथे ३० अंश आले. दोन्ही कोनांच्या टॅनचा गुणाकार करा, त्याला ५०० ने गुणा आणि दोन टॅनच्या वजाबाकीने भागा. उत्तर ४९२ मीटर. त्यात डोळ्याची उंची, दीड मीटर, मिळवा. ही उंची तुम्ही उभे आहात तिथून, समुद्रापासून नव्हे.

आता पहिला कोन २० ऐवजी चुकून २१ वाचला तर? उत्तर ५७३ येतं. एका अंशाच्या चुकीने ८० मीटर वाढले. म्हणून प्रत्येक कोन पाच वेगवेगळ्या मुलांना मोजायला लावा आणि सरासरी घ्या. वारा असेल तर दोरा हलतो. नट जड घ्या, किंवा तो पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवा.

प्रश्न : खारदुंग लाच्या पाटीवर १८,३८० फूट होतं, इंटरनेटवर १७,५८२ आहे. शिवाय तिथे आमच्यातल्या दोघांचं डोकं भयंकर दुखलं. ऑक्सिजन किती कमी असतो? (बाइकस्वार, कोल्हापूर)

१७,५८२ फूट, म्हणजे ५३५९ मीटर, हा नव्या मोजणीचा आकडा बरोबर आहे. जगातला सर्वांत उंच वाहनरस्ता म्हणून लडाखमधल्या खारदुंग ला या खिंडीचं नाव अनेक वर्षं घेतलं गेलं, पण लडाखमधलाच उमलिंग लाचा रस्ता १९,०२४ फुटांवर आहे आणि २०२१ मध्ये त्याची गिनेसमध्ये नोंद झाली.

ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला (३५०० मीटर) तो मुंबईच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, खारदुंग लावर निम्म्याच्या आसपास, एव्हरेस्टवर एक-तृतीयांश. दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन त्याच हिशेबाने घटतो.

विमानाने लेहला उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस गावातच राहावं. पहिल्या दिवशी तर खोलीबाहेर कामापुरतंच पडावं. आल्या-आल्या ताजंतवानं वाटतं आणि लोक फसतात. त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. ३००० मीटरच्या वर रोज झोपण्याची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर हवा. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला आलात तर चालतं.

डोकेदुखीसोबत मळमळ, थकवा, झोप न लागणं असेल तर पुढे चढू नका. बसून असतानाही धाप लागली, खोकला येऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं, किंवा एका रेषेत टाचेला टाच लावून चालता आलं नाही, तर रात्र असो की बर्फ, माणसाला लगेच खाली न्यायचं. ३०० ते १००० मीटर उतरलं की बहुतेकांना फरक पडतो. ऑक्सिजनचा लहान कॅन काही मिनिटं पुरतो, त्याच्या भरवशावर उतरणं लांबवू नका. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी (सहसा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून) उपयोगी आहे, पण डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच विचारायला हवं. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद.

प्रश्न : स्पितीत उघड्या पातेल्यात तूरडाळ दोन तास ठेवली तरी दाणा कडकच. (गृहिणी, नाशिक)

तिथे पाणी उकळत होतं, पण पुरेसं गरम नव्हतं. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णव, लेह-स्पितीच्या उंचीवर ८८, एव्हरेस्टच्या तळछावणीत ८२-८३ आणि माथ्यावर सत्तरच्या आसपास. आच कितीही मोठी केली तरी पातेल्यातलं पाणी त्याहून तापत नाही, फक्त लवकर आटतं. एवढ्यावर राजमा-छोले शिजतच नाहीत.

कुकर न्या. शिट्टीचं वजन बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त दाब धरून ठेवतं. मुंबईत त्यामुळे आत १२० अंश मिळतात. स्पितीत बाहेरचा दाबच कमी असल्याने ११४-११५ मिळतात. म्हणून शिट्ट्या न मोजता वेळ मोजा: घरी मंद आचेवर दहा मिनिटं ठेवत असाल तर तिथे पंधरा. डाळ आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवा. टोमॅटो, चिंच, आमसूल डाळ मऊ झाल्यावरच घाला, कारण आंबटाने दाणा घट्ट राहतो. झऱ्याचं पाणी क्षारयुक्त असेल तरीही डाळ हट्ट करते, अशा वेळी बर्फ वितळवलेलं पाणी बरं. तूर टाळून मूग किंवा मसूर नेलीत तर निम्मा त्रास वाचेल. थंडीत कुकरची रिंग कडक होऊन वाफ सुटते, झाकण लावण्याआधी ती गरम पाण्यात बुडवून घ्या. आणि ब्युटेनचा छोटा सिलिंडर शून्य अंशाच्या आसपास गॅसच सोडेनासा होतो. रात्री तो स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा.

प्रश्न : डोंगरमाथा सूर्याच्या जवळ, मग तिथे थंडी का? (इयत्ता सातवी, संगमनेर)

सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. त्यात नऊ किलोमीटर जवळ जाऊन काहीच फरक पडत नाही. सूर्यकिरण हवेला थेट फारसे तापवत नाहीत. ते जमीन तापवतात आणि जमीन हवेला. गरम हवा वर चढते, वर दाब कमी म्हणून ती पसरते, आणि पसरताना थंड होते. सरासरी दर हजार मीटरला साडेसहा अंश उतरतात. सायकलच्या चाकातली हवा सोडताना व्हॉल्व्हजवळ बोट धरून पाहा, हवा गार लागते. कारण हेच.

प्रश्न : सह्याद्री हिमालयासारखा टोकदार का नाही? सगळे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे का दिसतात? (वाचक, भोर)

हिमालय दोन भूखंडांच्या टकरीत चुरगळून वर आला. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. घट्ट काळा कातळ आणि बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला मऊ थर एकाआड एक बसले. पावसाने मऊ थर झिजून उताराचा झाला, कठीण थर कडा म्हणून उभा राहिला. ट्रेकर ज्याला ‘पदर’ म्हणतात तो कड्यांमधला झाडीचा सपाट पट्टा म्हणजे तो मऊ थर. या दगडाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द जिन्याच्या पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

हे माहीत असलं की डोंगर वाचता येतो. दोन थरांमध्ये बऱ्याचदा लालसर मातीचा पट्टा दिसतो. पाणी वरच्या कातळाच्या भेगांतून झिरपतं आणि या पट्ट्याशी अडून बाहेर येतं. उन्हाळ्यात टिकणारे झरे अशा जागी शोधावेत, आणि किल्ल्यांवरची टाकी कुठे खोदली आहेत तेही या नजरेने पाहावं. उभ्या भेगेत शिरलेला दगड झिजून गेला की ‘नाळ’ तयार होते. नाळेतून वाट सापडते खरी, पण पावसाळ्यानंतर तिथे सुटे धोंडे असतात. एकामागोमाग एक न चढता, वरच्याने आडोसा गाठेपर्यंत खालच्याने बाजूला थांबावं. माथ्याखालच्या घसाऱ्यावर उतरताना बहुतेक अपघात पाय घसरून होतात. टाच रोवून, गुडघे वाकवून, लहान पावलं टाका.

आणखी एक. कोकणातून पाहिलं तर सह्याद्री भिंतीसारखा पर्वत आहे, देशावरून पाहिलं तर टेकड्यांची ओळ. घाटमाथा ही पठाराची तुटलेली कड आहे. म्हणून तर गोदावरी अरबी समुद्रापासून ८० किलोमीटरवर उगम पावूनही सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते.

प्रश्न : हरिश्चंद्रगडावर ‘इंद्रवज्र’ दिसतं म्हणतात. कधी जावं? (वाचक, अकोले)

पाठीशी ऊन आणि समोर, नजरेच्या खाली, धुकं: या दोन गोष्टी जुळायला हव्यात. मग धुक्यावर आपली सावली पडते आणि डोक्याभोवती रंगीत वर्तुळं उमटतात, बाहेर तांबडा आणि आत निळसर. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून वेळ सकाळची. संध्याकाळी सूर्य समोर येतो, तेव्हा वाट पाहून उपयोग नाही. सूर्य क्षितिजापासून ३० अंश वर असेल तर सावली समोर ३० अंश खाली पडते. सपाट जमिनीवर तिथे माती असते, कड्यावर मात्र दरीतलं धुकं असतं. म्हणून हे कड्यावरच चांगलं दिसतं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, पाऊस ओसरून ऊन-धुक्याचा खेळ सुरू झाला की संधी जास्त.

शेजारी दहा जण उभे असले तरी प्रत्येकाला वर्तुळ स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. कॅमेऱ्यातही ते कॅमेऱ्याच्या सावलीभोवती येतं. जर्मनीतल्या ब्रॉकेन या ११४१ मीटरच्या डोंगरावरून या दृश्याला युरोपात नाव पडलं आहे. विमानाच्या सावलीभोवती ढगांवर दिसतं तेही हेच. कड्याच्या टोकाशी शेवाळ असतं आणि दरीतून वारा उसळतो. तिथे पोटावर आडवं होऊनच डोकवावं, उभ्याने नाही.

प्रश्न : अजून कुणीच न चढलेलं सर्वांत उंच शिखर कोणतं? (वाचक, मडगाव)

भूतानमधलं गांगखार पुएनसुम, ७५७० मीटर. भूतानने १९९४ पासून ६००० मीटरवरच्या शिखरांवर आणि २००३ पासून सर्वच गिर्यारोहणावर बंदी घातली, कारण तिथल्या लोकांसाठी शिखरं ही देवतांची जागा आहे. कैलासावरही (६६३८ मीटर) कुणी चढलेलं नाही. कांचनजंगावर १९५५ मध्ये पहिल्यांदा पोहोचलेले जॉर्ज बँड आणि जो ब्राउन सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या काही पावलं अलीकडे थांबले. नंतरच्या अनेकांनी ती रीत पाळली.

प्रश्न : के-२ आहे तर के-१ कुठे गेला? (वाचक, इंदूर)

तो माशेरब्रुम. १८५६ मध्ये सर्वेक्षक माँटगोमेरीने दूरवरून काराकोरमची शिखरं टिपली आणि ‘के’ अक्षर लावून क्रमांक दिले. पुढे बाकीच्या बहुतेकांना स्थानिक नावं मिळाली. के-२ (८६११ मीटर) इतका आत आहे की जवळच्या वस्तीतून तो सहसा दिसत नाही, म्हणून सर्वेक्षकाचा क्रमांकच टिकला. हिवाळ्यात त्यावर पहिल्यांदा चढाई झाली ती १६ जानेवारी २०२१ रोजी. दहा नेपाळी गिर्यारोहकांनी ती मिळून केली.

प्रश्न : एव्हरेस्टवर शिंपले सापडतात हे खरं का? (वाचक, पंढरपूर)

अख्खे शिंपले नाही, पण माथ्याचा खडक चुनखडीचा आहे आणि त्यात सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री जिवांचे बारीक अवशेष आहेत. हिमालयाच्या जागी टेथिस समुद्र होता. भारताचं भूखंड उत्तरेला सरकत गेलं आणि समुद्राचा तळ उचलला गेला.

याचा पुरावा कदाचित तुमच्या देवघरातच असेल. शाळिग्राम नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रात, मुक्तिनाथच्या परिसरात मिळतो. त्यावरचं चक्र म्हणजे अमोनाइट या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा. हा प्राणी टेथिसमध्ये डायनोसॉरांच्या काळात राहत होता. काळ्या चिखलात गाडला गेला, चिखलाचा दगड झाला, दगड डोंगराबरोबर वर आला आणि नदीने तो झिजवून गोल केला.

प्रश्न : सूर्यमालेतल्या मोठ्या ज्वालामुखीचं नाव सांगा, आणि तिथे समुद्र नाही तर उंची कशी मोजतात? (इयत्ता नववी, परभणी)

मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स. उंची सुमारे २१.९ किलोमीटर, रुंदी ६०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-नागपूरच्या सरळ अंतराहून थोडी कमी. चढ मात्र सरासरी पाच अंशांचा. पृथ्वीवर खालच्या उष्ण जागेवरून जमीन सरकत राहते, त्यामुळे हवाईसारखी एकामागे एक बेटं तयार होतात. मंगळाचं कवच तसं सरकत नाही, म्हणून सगळा लाव्हा एकाच जागी साचला. शिवाय तिथलं गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, त्यामुळे एवढा डोंगर स्वतःच्या वजनाने तितका खचला नाही.

दुसरा प्रश्न तर फारच छान विचारलास. पूर्वी शास्त्रज्ञांनी मंगळावर हवेचा दाब ६.१ मिलिबार असेल ती पातळी शून्य धरली. कारण या दाबाला पाणी बर्फ, द्रव आणि वाफ या तिन्ही रूपांत एकत्र राहू शकतं. पण मंगळावरचा दाब ऋतूंप्रमाणे बराच बदलतो, म्हणून ती पद्धत मागे पडली. आता यानातून लेसरने मोजलेली विषुववृत्ताची सरासरी त्रिज्या घेतात आणि गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने त्या पातळीचा पृष्ठभाग सगळीकडे पसरवून तो शून्य मानतात. ऑलिंपस मॉन्सचे २१.९ किलोमीटर मोजले आहेत ते तिथून.